एका फेरीची ढाल

‘थांबला तो संपला’ हे वाक्य आपल्या घराघरांत इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, थांबणे हीदेखील एक विचारपूर्वक केलेली कृती असू शकते, हे आपण विसरून गेलो आहोत. अभ्यास असो, नोकरी असो वा घरातील आजारपण, पुढे रेटत राहणे म्हणजे कर्तृत्व आणि थांबणे म्हणजे माघार, अशी आपली दृढ समजूत आहे. गंमत अशी की, ज्या लढाईच्या व्हिडिओ गेमविषयी पालकांच्या मनात नाना शंका असतात, त्यांतीलच एक लोकप्रिय मालिका गेली पंचवीस वर्षे मुलांना याच्या उलट धडा देत आहे. ती मालिका म्हणजे ‘पोकेमॉन’, आणि तो धडा देणारी चाल म्हणजे ‘प्रोटेक्ट’.

या चालीची रचना नीट समजून घेतली, तर विश्रांती, टाळाटाळ, दुखणे अंगावर काढणे आणि शुश्रूषेचा भार वाटून घेणे या कुटुंबाच्या आरोग्याशी निगडित गोष्टींविषयी मुलांशी बोलण्यास एक उत्तम निमित्त मिळते. तेही उपदेशाच्या भाषेत नव्हे, तर मुलांना आधीच अवगत असलेल्या भाषेत.

चाल आहे तरी कशी?

पोकेमॉनचे पहिले खेळ जपानमध्ये १९९६ च्या फेब्रुवारीत आले. त्यांचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडून गोळा करण्याचा छंद होता. शहरीकरणात हरवत चाललेला तो आनंद पुढच्या पिढीला मिळावा, ही या खेळामागची प्रेरणा. खेळाडू निरनिराळे काल्पनिक जीव पकडतो, त्यांना वाढवतो आणि इतरांच्या जिवांशी त्यांची झुंज लावतो. ‘प्रोटेक्ट’ ही चाल दुसऱ्या पिढीच्या खेळांत, म्हणजे १९९९ साली जपानमध्ये आलेल्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या भागांत प्रथम दिसली. जपानीत तिचे नाव ‘मामोरु’, अर्थात राखणे, रक्षण करणे.

ही झुंज बुद्धिबळासारखी फेरीफेरीने चालते. प्रत्येक जिवाजवळ एका वेळी फक्त चार चाली असतात. प्रत्येक फेरीत दोन्ही खेळाडू आपली चाल मनाशी ठरवतात आणि मग दोन्ही चाली उघड होतात. एरवी जो जीव चपळ, त्याची चाल आधी होते. ‘प्रोटेक्ट’ मात्र जवळजवळ सर्व चालींच्या आधी अमलात येते, आणि त्या फेरीपुरता प्रतिस्पर्ध्याचा बहुतेक कोणताही आघात निष्प्रभ ठरतो. आघात किती मोठा आहे, याला महत्त्व उरत नाही.

इतकी प्रभावी ढाल हाती असताना खेळाडू दुसरी चाल वापरेलच कशाला? रचनाकारांनी याचे उत्तर चालीतच गुंफले आहे. पहिल्यांदा वापरताना ढाल हमखास उभी राहते. लगेच पुढच्या फेरीत पुन्हा वापरली, तर यशाची शक्यता घटते. जुन्या खेळांत ती दर वेळी सुमारे निम्म्यावर येत असे. २०१३ च्या ‘एक्स’ व ‘वाय’ या भागांपासून ती दर वेळी एक तृतीयांशावर येते. म्हणजे सलग दुसऱ्या वापरात तीनांत एक आणि सलग तिसऱ्या वापरात नवांत एक. मध्ये एकदा जरी दुसरी चाल केली, तरी ढाल पुन्हा पूर्वीसारखी भरवशाची होते. शिवाय तिच्या एकूण वापरालाही मर्यादा आहे, आणि ती मुळात दहा वेळांची.

आपल्याकडच्या मुलांना हा नियम परका वाटू नये. पकडापकडी खेळताना दम लागला की ‘टाइमप्लीज’ म्हणण्याची मुभा असतेच. ते एकदा म्हणणाऱ्याला कोणी काही बोलत नाही. पण राज्य येण्याची वेळ झाली की दर वेळी ‘टाइमप्लीज’ म्हणणाऱ्या गड्याशी बाकीचे भांडतात, कारण मग खेळच उरत नाही. अंगणातील मुलांनी संकेताने ठरवलेली गोष्टच या खेळात गणिताने बांधली आहे.

थांबलेली फेरी वाया जात नाही

नवखा खेळाडू ‘प्रोटेक्ट’कडे दुर्लक्ष करतो. आघात करता येत असताना एक फेरी फुकट का घालवावी, असे त्याला वाटते. जाणता खेळाडू जाणतो की, त्या एका फेरीत पुष्कळ काही घडून जाते. प्रतिस्पर्धी कोणती चाल करणार होता, हे उघड होते. जिवाजवळ ‘लेफ्टओव्हर्स’ नावाची शिदोरी असेल, तर फेरीअखेर त्याचे प्राणबळ एक सोळांश भरून निघते. मैदानावरचे प्रतिकूल हवामान ठरावीक फेऱ्यांनी ओसरते, त्यांतील एक फेरी कमी होते. थोडक्यात, माहिती मिळते, शक्ती भरते आणि वाईट काळ थोडा पुढे सरकतो.

आपल्या शरीराचेही याहून वेगळे नाही. राग अनावर होतो, तेव्हा हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. शरीर लढण्याच्या वा पळण्याच्या तयारीत असते आणि अशा वेळी तोंडून निघालेला शब्द बहुधा आघातच असतो. काही मिनिटे तेथून बाजूला झाले, संथ श्वास घेत उच्छ्वास थोडा लांबवला, तर ही खळबळ हळूहळू शमते. पौगंडावस्थेतील मुलाशी वाद विकोपाला जात असताना ‘आपण दहा मिनिटांनी बोलू’ असे म्हणणारे पालक हरत नाहीत. ते एक फेरी राखतात. त्या दहा मिनिटांत समोरच्याचे म्हणणे नेमके काय होते, हे ध्यानात येण्याची शक्यताही वाढते.

मात्र ‘दहा मिनिटांनी’ हा शब्द पाळला गेला पाहिजे. विषय तेथेच सोडून दिला, तर ती ढाल न राहता अबोला होतो. अबोल्याने कोणाचेच प्राणबळ भरून निघत नाही.

ढाल आणि टाळाटाळ

सलग वापरली की ढाल दुबळी होते, हा नियम मानसिक आरोग्याच्या दृष्टीने विशेष मननीय आहे. भीतीदायक प्रसंग टाळला की मनाला तत्काळ सुटका वाटते. ही सुटकाच घातक ठरते, कारण ‘टाळले म्हणून वाचलो’ अशी गाठ मन बांधून ठेवते. पुढच्या वेळी तोच प्रसंग अधिक मोठा भासतो आणि टाळण्याची ओढ अधिक तीव्र होते. चिंताविकारांवरील वर्तनोपचारात म्हणूनच भीतीच्या गोष्टीला लहान लहान पायऱ्यांनी सामोरे जाण्याचा सराव करवला जातो.

शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखते, सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. हे दुखणे सोंग असतेच असे नाही. चिंतेमुळे पोट खरोखर दुखते. म्हणून प्रथम डॉक्टरांकडून शारीरिक कारण नाही ना, याची खात्री करावी. त्यानंतर शाळेत कोणी त्रास देते का, एखाद्या विषयाची वा शिक्षकांची धास्ती आहे का, हे शांतपणे विचारावे. एक दिवस घरी राहण्याची मुभा दिली, तर काही बिघडत नाही. पण दुसरा, तिसरा, चौथा दिवस तसाच गेला, तर प्रत्येक दिवसागणिक शाळा दूर जाते. मग पूर्ण दिवस जमत नसेल, तर दोन तास. वर्गात बसवत नसेल, तर आधी ओळखीच्या शिक्षकांची भेट. दोन ढालींच्या मध्ये एक तरी दुसरी चाल पडली पाहिजे, ती कितीही छोटी असली तरी चालेल.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मुलाला मारहाण, छळ वा लैंगिक त्रास होत असेल, तर ‘सामोरा जा’ हा सल्ला क्रूर ठरतो. तेथे धोका कल्पित नसून खरा असतो आणि त्याचे निवारण करणे ही मोठ्या माणसांची जबाबदारी असते. अशा प्रसंगी मुलाने ढाल किती वेळा उचलली, याचा हिशेब मांडू नये. चाइल्डलाइनचा १०९८ हा विनामूल्य क्रमांक अशाच वेळेसाठी आहे.

ढालीमागचे विष

‘प्रोटेक्ट’ बाहेरून येणारा आघात अडवते. आत भिनलेले विष मात्र ती थांबवू शकत नाही. खेळात विषबाधा झालेला जीव ढालीमागे सुरक्षित उभा दिसतो, तरी फेरीअखेर त्याचे प्राणबळ घटतेच. ‘टॉक्सिक’ या चालीने होणारी विषबाधा तर दर फेरीस वाढत जाते. पहिल्या फेरीअखेर एक सोळांश, दुसऱ्या अखेर दोन सोळांश, तिसऱ्या अखेर तीन सोळांश. काहीच उपाय केला नाही, तर पाच फेऱ्यांत सोळांपैकी पंधरा भाग संपतात आणि सहाव्या फेरीअखेर जीव कोसळतो. अनुभवी खेळाडू प्रतिस्पर्ध्याला हे विष देतात आणि मग स्वतः अधूनमधून ढाल धरून केवळ काळ जाऊ देतात. बाकीचे काम विष करते.

आपल्या घरांत असे विष अनेक रूपांनी वावरते. उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता रक्तवाहिन्या, हृदय आणि मूत्रपिंडे यांना इजा करीत राहतो. मधुमेहाचेही तसेच. ‘मला काही होत नाही, मी धावपळ करीत नाही, बाहेरचे खात नाही’ असे म्हणणारे आजोबा ढालीमागे असतात खरे, पण रक्तदाब मोजल्याशिवाय आत काय चालले आहे, हे त्यांनाही कळत नाही. अशा ठिकाणी थांबून पाहण्यात शहाणपण नाही. तेथे तपासणी आणि औषध हीच योग्य चाल.

मुलांच्या बाबतीत हे विष बहुधा अपुऱ्या झोपेचे असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असे निद्राविज्ञानातील तज्ज्ञांचे मत आहे. मूल खोलीत आहे, शांत आहे, कोणाशी भांडत नाही, म्हणून ते सुरक्षित आहे असे पालक समजतात. दाराआड रोज एक तास झोप कमी होत असेल, तर चिडचिड, विसराळूपणा आणि अभ्यासातील घसरण यांच्या रूपाने त्याचे मोल चुकवावे लागते. मनातल्या मनात साचलेले दुःख हेही असेच. सलग दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ मूल उदास असेल, आवडत्या गोष्टींतून त्याचे मन उडाले असेल, खाणे-झोपणे बिघडले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मरणाची वा स्वतःला इजा करण्याची भाषा कानी आली, तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी मदत मिळवावी. शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

जोडीतील एकाने थांबावे

या चालीचे खरे तेज दुहेरी सामन्यात दिसते. पोकेमॉनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत व्हिडिओ गेमचे सामने याच प्रकारे खेळले जातात. प्रत्येक बाजूचे दोन जीव एकाच वेळी मैदानात असतात आणि त्या सामन्यांत ‘प्रोटेक्ट’ ही सर्वाधिक निवडल्या जाणाऱ्या चालींपैकी एक आहे. कारण उघड आहे. एक जीव धोक्यात असताना तो ढाल धरतो, प्रतिस्पर्ध्यांचे आघात त्याच्यावर वाया जातात आणि त्याच फेरीत दुसरा सोबती आपले काम उरकतो. दोघांनीही एकाच वेळी ढाल धरली, तर काम पुढे जात नाही. दोघांनीही सतत आघातच करायचे ठरवले, तर दोघेही लवकर गारद होतात. थांबायचे कोणी आणि पुढे व्हायचे कोणी, हे दर फेरीस नव्याने ठरवावे लागते.

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, स्मृतिभ्रंश झालेले वडील किंवा नुकतेच जन्मलेले बाळ असलेल्या घराला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडे शुश्रूषेचा भार बहुधा एकाच व्यक्तीवर, आणि बहुतेक वेळा घरातील स्त्रीवर पडतो. ती थांबत नाही, कारण ती थांबली तर काम थांबेल, असे साऱ्यांनी गृहीत धरलेले असते. दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तींमध्ये थकवा, निद्रानाश, पाठदुखी आणि नैराश्य वारंवार आढळते. त्यांच्या स्वतःच्या तपासण्या आणि औषधे मागे पडत जातात.

यावर उपाय म्हणून ‘तू जरा आराम कर’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. जोडीतील दुसऱ्याने त्या वेळेपुरते काम अंगावर घेतले, तरच पहिल्याची ढाल टिकते. आठवड्यातील ठरावीक दोन दुपारी मुलाने आजीजवळ बसणे, रात्रीचे एक औषध वडिलांनी देणे, महिन्यातून एक दिवस बहिणीने येऊन राहणे, अशी वाटणी कागदावर लिहून भिंतीवर लावावी. विश्रांती ही उपकारासारखी न देता वेळापत्रकातील हक्काची नोंद म्हणून दिली, म्हणजे घेणाऱ्यालाही अपराधी वाटत नाही.

खेळात ‘वाइड गार्ड’ नावाची आणखी एक चाल आहे. एकाने ती केली की दोघांवर एकदम येणाऱ्या आघातापासून पूर्ण बाजूचे रक्षण होते. जेवताना कोणीही फोन हाती घ्यायचा नाही, रात्री दहानंतर सर्व पडदे बंद, हे नियम त्या जातीचे आहेत. ते फक्त मुलांना लागू केले, तर त्यांना शिक्षेचे रूप येते. घरातील सर्वांनी पाळले, तर ते छत्र होते.

खेळापासूनही राखावे

खेळाचे गुण सांगताना त्याच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग पाहताना शेकडो मुलांना झटके, चक्कर, मळमळ असा त्रास झाला आणि सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. एका दृश्यात लाल आणि निळा प्रकाश अतिशय वेगाने आळीपाळीने लखलखला होता. प्रकाशाला अतिसंवेदनशील असणाऱ्या मेंदूत अशा लखलखाटाने अपस्माराचा झटका येऊ शकतो. त्यानंतर मालिकेचे प्रसारण चार महिने बंद होते.

म्हणून अंधाऱ्या खोलीत पडद्याला डोळे लावून मुलांनी बसू नये. दिवा चालू असावा आणि पुरेसे अंतर राखावे. लखलखाटाने अस्वस्थ वाटू लागल्यास मान वळवून एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा. दोन्ही डोळे नुसते मिटल्याने पुरेसे संरक्षण होत नाही, कारण पापण्यांमधूनही प्रकाशाचे चढउतार जाणवतात. एखाद्याला झटका आलाच, तर त्याला कुशीवर वळवावे आणि आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा वा बोट घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला, पाठोपाठ दुसरा आला वा तो आयुष्यातील पहिलाच असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका अतिरेकाचा. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिकाधिक प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, ही त्याची तीन प्रमुख लक्षणे. ती साधारणतः वर्षभर टिकून असावी लागतात आणि त्यामुळे शिक्षण, नातेसंबंध वा कामकाज लक्षणीयरीत्या बिघडलेले असावे लागते. रोज खेळणारे प्रत्येक मूल रुग्ण असते, असा याचा अर्थ नाही.

खेळ फेरीफेरीने चालत असल्याने एक सोयही आहे. साहसाच्या प्रवासात खेळाडूने चाल निवडेपर्यंत पडद्यावरचे सारे थांबून राहते. त्यामुळे ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ असे ओरडण्याऐवजी ‘ही झुंज संपव, नोंद जतन कर आणि ये’ असे सांगता येते. मूल असे स्वतः थांबू लागले, की ताबा सुटलेला नाही, याची ती चांगली खूण समजावी.

मुलांना विचारावे असे काही

आपल्या घरातील मूल हा खेळ खेळत असेल, तर त्याला ‘प्रोटेक्ट’ समजावून सांगण्याची विनंती अवश्य करावी. ती केव्हा वापरतोस, लागोपाठ वापरली तर काय होते, विषबाधा झाली असताना तिचा उपयोग होतो का, जोडीच्या सामन्यात ढाल कोण धरतो, एवढे चार प्रश्न पुरेत. उत्तरे देताना मूल शिक्षक होते आणि आपण विद्यार्थी. अशा गप्पांतून ‘आज शाळेत एक ढाल वापरली’ किंवा ‘आई, आज तू प्रोटेक्ट कर, भांडी मी घासतो’ अशी घरची भाषा तयार होऊ शकते. जे दुःख सरळ शब्दांत सांगता येत नाही, ते मुले पुष्कळदा खेळाच्या शब्दांत सांगतात. ते ऐकण्यासाठी खेळाचे चार शब्द आपल्याला ठाऊक असणे एवढेच पुरते.

थांबणे म्हणजे संपणे नव्हे, आणि कायमचे थांबणे म्हणजे विश्रांतीही नव्हे. दमल्यावर ढाल धरावी, तिच्याआड श्वास घ्यावा, समोरचे नीट पाहावे आणि पुढच्या फेरीला आपली चाल करावी. ती एकट्याने झेपत नसेल, तर शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याला हाक द्यावी.